ढाक्यात सरकार पडलं, उद्यमनगरात पगार अडला

पत्र:

काका, सप्रेम नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. बाबांनी सुरू केलं, सहा वर्षांपासून मी बघते. सूतगिरणीच्या यंत्रांचे सुटे भाग करतो: बुश, गिअर, पुली, स्पिंडलचे जॉब. अकरा माणसं कामाला आहेत. निम्म्याच्या आसपास माल ढाक्याच्या एकाच पार्टीला जातो. पूर्वी ते एलसी, म्हणजे त्यांच्या बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र, उघडायचे. नंतर 'त्यासाठी बँक मार्जिन (आगाऊ अनामत) फार मागते' म्हणाले, म्हणून बँकेमार्फत कागद पाठवून 90 दिवसांच्या उधारीवर माल द्यायला लागलो. 2024 साली तिथलं सरकार पडल्यापासून पैसे लांबत गेले. आज तीन बिलं मिळून 18 लाख रुपये येणं आहे, सगळ्यात जुनं बिल आठ महिन्यांचं. फोन केला की 'दीदी, देशाची परिस्थिती बघा, डॉलर मिळत नाही' एवढंच ऐकायला मिळतं. आणि आता त्यांनीच 11 लाखांची नवी ऑर्डर पाठवली आहे, 120 दिवसांच्या उधारीवर. बाबा म्हणतात, अडचणीत माणसाची साथ सोडायची नाही. भाऊ म्हणतो, एक नट पाठवायचा नाही. बँकेची कॅश क्रेडिटची (खेळत्या कर्जाची) मर्यादा पूर्ण वापरून झालीय. दोन माणसं कमी करावीत का, या विचाराने झोप लागत नाही. काय करू?
– स. पा., कोल्हापूर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'देशाची परिस्थिती बघा' या वाक्यापाशी मी दोन्ही वेळा थांबलो. ती पार्टी खरं बोलत असेल किंवा खोटं, पण या वाक्याने तुमचा प्रश्न विचारायचा हक्कच काढून घेतलाय. देश अडचणीत आहे म्हटल्यावर माणूस पुढे बोलायला लाजतो. तुम्ही लाजू नका. तुम्हाला एकच गोष्ट शोधायची आहे: तुमचे 18 लाख नक्की कुठे अडकलेत? त्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात, त्याच्या बँकेत, की त्याच्या देशात? तिन्ही ठिकाणचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. बाबा आणि भाऊ भांडतायत, कारण बाबांच्या मनात पैसे देशात अडकलेत आणि भावाच्या मनात गल्ल्यात. खरं काय, ते दोघांनाही माहीत नाही.

आधी देशाचं बघू, कारण तिथे थोडं खोलात गेल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

राजकीय अस्थिरता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाळपोळ, संचारबंदी, रिकामे रस्ते येतात. जुलै 2024 मध्ये बांगलादेशात तेही झालं. संचारबंदी लागली, इंटरनेट अनेक दिवस बंद होतं, कापड कारखाने बंद राहिले, आणि 5 ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या. तीन दिवसांनी मुहम्मद युनूस यांचं हंगामी सरकार आलं. सीमेवरच्या पेट्रापोल नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. पण ताई, असे दिवस मोजके असतात. अशा एखाद्या दिवसाची चव जून 2023 मध्ये आपण कोल्हापूरकरांनीही घेतली आहे. गावात तणाव झाला, इंटरनेट बंद झालं, माल न्यायला लागणारं ऑनलाइन ई-वे बिल निघेना म्हणून भरलेल्या गाड्या गेटातच उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी नेट आलं, गाड्या निघाल्या. नुकसान झालं, पण मोजता आलं आणि संपलं.

धंद्याला पोखरतं ते दुसरंच काही, आणि ते हळू होतं. गुंतवणूक करणारा 'बघू, सहा महिने थांबू' म्हणतो. सरकारी खात्यातला अधिकारी सही करायला कचरतो. बँक कर्ज देताना हात आखडते. घाऊक व्यापारी गिरणीला उधारी कमी करतो, गिरणी सुट्या भागांच्या व्यापाऱ्याचे पैसे लांबवते, तो तुमचे लांबवतो, आणि तुम्ही तुमच्या फौंड्रीवाल्याला 'पुढच्या आठवड्यात' म्हणता. ढाक्यातल्या मोर्चाचा धक्का उद्यमनगरापर्यंत येतो तो असा, उधारीच्या दिवसांतून. तुमच्या पत्रातच ते दिसतंय: आधी एलसी, मग 90 दिवस, आणि आता 120. कुठेही काच फुटली नाही, पण तुमच्या पुंजीचा एक मोठा तुकडा सीमेपलीकडे नेऊन ठेवला गेला.

मी बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलावर बसलोय, 1991 साली, इथेच कोल्हापुरात. अलीकडे ढाका ज्या जागी होतं त्या जागी तेव्हा आपण होतो. नोव्हेंबर 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार गेलं, मार्च 1991 मध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला, पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. त्यात आखाती युद्धामुळे तेल महागलं होतं. देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं आणि रिझर्व्ह बँकेने आयात आवळली. एलसी उघडायची तर मालाच्या किमतीच्या दुपटीपर्यंत रोख मार्जिन भरायची वेळ आली. उद्यमनगरातले एक कारखानदार दर मंगळवारी माझ्याकडे यायचे. त्यांच्या ग्राइंडिंग मशीनचा एक भाग जर्मनीहून यायचा होता. खिशात घडी केलेला टेलेक्स असायचा, घडीवर फाटत आलेला. मशीन पोत्याने झाकून ठेवलंय म्हणायचे. त्यांच्याकडे रुपये होते, देण्याची इच्छा होती, आणि तरी मी त्यांना नाही म्हणत होतो. तिकडच्या जर्मन कंपनीला मात्र वाटत असणार, हा माणूस टाळतोय.

म्हणून तुमच्या बाबांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. प्रामाणिक देणेकरीही पैसे पाठवू शकत नाही, अशी वेळ देशावर येते.

पण त्याच्या पुढची गोष्टही त्याच अनुभवातून सांगतो. 1996 ते 1998 मध्ये दिल्लीत सरकारं पटापट बदलली. वाजपेयींचं 13 दिवसांचं, मग देवेगौडा, मग गुजराल. वर्तमानपत्र उघडलं की वाटायचं देश कोसळतोय. पण माझ्या टेबलावर बिलं वेळेवर सुटत होती. खुर्ची हलत होती, तिजोरी हलत नव्हती. नेपाळ बघा. 2008 पासून तिथे डझनाहून जास्त सरकारं झाली. सप्टेंबर 2025 मध्ये तर सरकारचं मुख्यालय सिंहदरबार जळालं आणि पंतप्रधान ओलींना जावं लागलं. तरी नेपाळी रुपया 1993 पासून आपल्या रुपयाशी 1.60 या दराने बांधलेला आहे आणि तिथला बराच व्यवहार भारतीय रुपयात होतो. त्यामुळे तिथल्या पार्टीला 'डॉलर नाही' हे कारण सहसा सांगता येत नाही. उलट श्रीलंका घ्या. ऑगस्ट 2020 मध्ये राजपक्षेंच्या पक्षाला 225 पैकी 145 जागा मिळाल्या. एवढं भक्कम सरकार! आणि एप्रिल 2022 मध्ये देशाने परकीय कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष पळाले. हसीनाही 2009 पासून सलग सत्तेत होत्या. एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्चीत दिसला की आपण त्याला स्थैर्य समजतो आणि उधारी वाढवतो. तुम्ही एलसी सोडून उधारीवर आलात ती वर्षं आठवून बघा. तेव्हा ढाका 'शांत' होतं.

आता तुमच्या पार्टीकडे वळू. 2022 ते 2024 या काळात बांगलादेशात डॉलरची टंचाई खरीच होती. परकीय चलनाचा साठा झपाट्याने घटला, टाका हे तिथलं चलन घसरलं, एलसी उघडणं अवघड झालं. तेव्हा त्याने मार्जिनची तक्रार केली असेल तर ती खरी धरा. पण नंतर परदेशातल्या बांगलादेशी कामगारांनी घरी पाठवलेला पैसा विक्रमी झाला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाचे हप्ते आले, आणि ती टंचाई बरीच सैल झाली. म्हणजे 'डॉलर मिळत नाही' हे वाक्य दोन वर्षांपूर्वी जेवढं वजनदार होतं तेवढं आज नाही. दुसरी शक्यता त्याच्या बँकेची. सत्तांतरानंतर तिथल्या काही बँकांची संचालक मंडळं बरखास्त करावी लागली. काही बँका इतक्या खिळखिळ्या निघाल्या की खातेदारांना स्वतःचे पैसे काढतानाही अडचण आली. त्याचं खातं अशा बँकेत असेल तर तो खरंच कात्रीत आहे, आणि देशाकडे डॉलर असूनही तुमचे पैसे निघणार नाहीत.

हे ओळखायचं कसं? एका कागदावर ओळखता येतं. उधारीची मुदत संपली तेव्हा त्याने बिलाच्या रकमेचे टाका आपल्या बँकेत जमा केले होते का? केले असतील तर बँक तसा दाखला देते, तारखेसह. दाखला असेल तर तो देणेकरी म्हणून चोख आहे आणि अडथळा बँकेचा किंवा देशाचा आहे. मग धीर धरा, पण त्याच्याकडून लेखी घ्या: पैसे पाठवेपर्यंत टाका आणखी घसरला तर फरक तो भरेल. हे लेखी नसलं की वर्षभराने 'मी तर तेव्हाच भरले होते' म्हणून कमी पैसे हातात येतात.

आणि दाखला नसेल, टाका भरलेच नसतील, तर ताई, पैसे गल्ल्यात आहेत. तो तुमच्या 18 लाखांवर धंदा करतोय. तुमचं कॅश क्रेडिट साडेदहा टक्क्यांचं धरलं तर या रकमेचं व्याज महिन्याला 15,750 रुपये होतं. तुमच्या एखाद्या हेल्परच्या पगाराएवढं. म्हणजे ढाक्याच्या दुकानात एक माणूस तुमच्या पगारावर कामाला आहे. बाबांना हे आकड्यात दाखवा. साथ देणं आणि न विचारता व्याज भरत राहणं यात फरक आहे, तो त्यांना नक्की पटेल. त्यांच्या पिढीने शब्दावर व्यवहार केले, पण तो शब्द समोर बसून, चहा पिऊन, डोळ्यांत बघून दिलेला असायचा.

नव्या ऑर्डरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: 120 दिवसांवर नाही. पण सरळ नकारही देऊ नका. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीच्या नाक्यांवरून आयात थांबवली. ती मागणी तिथल्या सूतगिरण्यांचीच होती. त्या गिरण्या गॅसटंचाईने बेजार आहेत, पण यंत्रं चालवायची तर बुश आणि गिअर झिजणारच. म्हणजे तुमच्या मालाला गिऱ्हाईक आहे, फक्त मधला माणूस पैसे कसे देतो हा प्रश्न आहे. त्याला सांगा की एलसी उघडा, साइटची, म्हणजे कागद पोचले की पैसे. आणि ती एखाद्या मजबूत बँकेने कन्फर्म केलेली हवी. इथे बरेच उद्योजक फसतात. एलसी आली म्हणजे पैसे आले असं धरतात. एलसी ही ती उघडणाऱ्या बँकेएवढीच पक्की असते. डळमळीत बँकेच्या एलसीवर दुसऱ्या बँकेने स्वतःची हमी जोडली की मग जोखीम तुमच्या डोक्यावरून उतरते. कन्फर्मेशनचा खर्च निघतो, तो दरात धरा किंवा निम्मा निम्मा वाटून घ्या. आगाऊ पैसे मागून बघायला हरकत नाही, पण परदेशी आगाऊ रक्कम पाठवण्यावर तिथे बंधनं असतात. त्याने ते नाकारलं म्हणून लगेच वाईट समजू नका.

आणि माल एकदम करू नका. 11 लाखांचे चार भाग करा. पहिल्याचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय दुसऱ्याचं मटेरियल कापू नका. त्यातले कुठले जॉब इचलकरंजीच्या किंवा आसपासच्या सूतगिरण्यांतही चालतील ते आधी घ्या, म्हणजे ऑर्डर मध्येच अडली तरी तयार माल रॅकवर पडून गंजणार नाही. फक्त त्याच्याच ड्रॉइंगचे, दुसरीकडे न खपणारे जॉब सगळ्यात शेवटी.

निर्यात पत हमी महामंडळ, ज्याला सगळे ईसीजीसी म्हणतात, त्यांच्याकडे तुम्ही गेलेल्या दिसत नाही. 1957 पासून ही सरकारी कंपनी नेमकं हेच काम करते. पार्टी बुडाली तरी, आणि युद्ध, आयातबंदी किंवा चलन अडकल्यामुळे पैसे आले नाहीत तरी, नुकसानीचा मोठा भाग ती भरून देते. देशांची जोखमीप्रमाणे प्रतवारी करून ती हप्ता ठरवते. एखादा देश त्यांच्या यादीत खाली घसरला की वर्तमानपत्राआधी तिथे कळतं. जुन्या 18 लाखांना त्याचा उपयोग नाही, माल गेल्यानंतर पॉलिसी घेता येत नाही. पण पुढची एकही खेप हमीशिवाय सीमेपार जाऊ देऊ नका. पार्टीची पत तपासायचं कामही ते करतात. नवीन गिऱ्हाईक असो की जुनं, आधी त्यांच्याकडून मर्यादा मंजूर करून घ्या.

एक तातडीचं काम राहिलं. तुमच्या बँकेत जाऊन जुन्या तिन्ही बिलांना मुदतवाढीचा अर्ज द्या, पार्टीशी झालेला पत्रव्यवहार जोडून. निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत देशात यायलाच हवेत. ते आले नाहीत आणि मुदतवाढही नसली तर बँकेच्या नोंदीत तुमचं नाव थकीत दिसतं आणि जीएसटीचा घेतलेला परतावाही परत मागितला जाऊ शकतो. 18 लाख अडकलेले असताना वरून ही वसुली आली तर मात्र खरंच कंबर मोडेल. हे काम याच आठवड्यात.

माणसांबद्दल विचारलंत. नका कमी करू, निदान आता नको. ज्या टर्नरला डोळ्याने केसाएवढं कमी-जास्त कळतं तो एकदा शिरोलीच्या मोठ्या कारखान्यात गेला की परत येत नाही. त्याच्या जागी नवा माणूस तयार व्हायला दोन वर्षं लागतात, आणि तोवर ढाका नाही तर दुसरं कुठलं गिऱ्हाईक आलेलं असतं. आधी ओव्हरटाईम बंद करा, बाहेर देत असलेलं जॉबवर्क आत घ्या. अकराही जणांना एकत्र बसवून खरं काय ते सांगा. शॉपमध्ये त्यांना आधीच कळलेलं असतं. मालकीण काही बोलत नाही याचीच भीती जास्त असते.

निम्मा माल एकाच पार्टीला जातो ही खरी जखम आहे, आणि ती ढाक्याने केलेली नाही. अस्थिरता आपल्या घरातही असते, कधी सरकार न बदलता येते. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि 7 डिसेंबर 2023 ला ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. थोड्याच दिवसांत ती काहीशी सैल केली, पुढच्या ऑगस्टमध्ये उठली. पण ज्यांचं सगळं गणित त्या एकाच गोष्टीवर होतं त्यांचा तो हंगाम हप्त्यांच्या ओझ्याखाली गेला. ज्यांच्याकडे साखर, वीज, मळी असे तीन-चार पाय होते ते तरले. तुम्ही एका पार्टीचा वाटा हळूहळू चौथ्या हिश्श्यावर आणा. इचलकरंजी पाऊण तासावर आहे, तिथल्या गिरण्यांच्या मेंटेनन्सवाल्यांना तुमचा माल दाखवा. कोईमतूरच्या यंत्रवाल्यांना लिहा. आणि कुठल्याही एका परदेशी पार्टीकडे किती उधारी असावी याचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. ती सगळी बुडाली तरी दोन महिन्यांचे पगार, लाईट बिल आणि मशीनचा हप्ता निघाला पाहिजे, तेवढीच. तुमच्या पसाऱ्याकडे बघता मला तो आकडा सहा-सात लाखांच्या वर दिसत नाही.

सोमवारी सकाळी ढाक्याला मेल करा. फोन नको, फोनवर पुन्हा 'परिस्थिती' येईल. एवढंच लिहा: 'आपले संबंध आम्हाला टिकवायचे आहेत. तिन्ही बिलांची रक्कम आपण आपल्या बँकेत कोणत्या तारखेला जमा केली, त्याचा बँकेचा दाखला शुक्रवारपर्यंत पाठवावा. तो मिळाल्यावर नव्या ऑर्डरच्या अटी कळवतो.' मेलची प्रत तुमच्या बँकेलाही ठेवा. मेल पाठवण्याआधी भावाला आणि बाबांना, दोघांनाही वाचून दाखवा. दाखला आला तर मला त्याची प्रत पाठवा, मात्र आधी त्यावरची तारीख बघा: ती बिलाच्या मुदतीच्या आसपासची आहे, की तुमचा मेल पोचल्यानंतरची.